पश्चिमेची खिडकी

"मौखिकी-बिखिकी मग घ्या. आधी मला तो मनोरा दाखवा," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि डॉ. बोधनकरांच्या हातातली पुरी तोंडाजवळ जाऊन परत बशीत आली.

विद्यापीठाच्या अतिथिगृहात आम्ही चौघं नाश्त्याला बसलो होतो. म्हणजे ते तिघं बसले होते; मी वाढत होतो. अकरा वाजता माझ्या पीएच.डी.ची मौखिकी होती. डॉ. बोधनकर माझे बाहेरगावचे परीक्षक. आदल्या संध्याकाळी ते नागपूरहून सपत्नीक आले होते. त्यांना स्टेशनवरून आणणं, खोलीत दोन उशा जादा ठेवणं, बाईंना देवीचं दर्शन घडवणं आणि परतीच्या गाडीत खिडकीजवळची जागा पाहणं, ही सगळी कामं उमेदवाराची. नियमावलीत हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण प्रबंधाच्या पाच प्रती देण्याच्या नियमापेक्षा ते जास्त काटेकोरपणे पाळलं जाई.

याला आता बेचाळीस वर्षं झाली. सगळं मला नीट आठवतं असं मला वाटतं. पण मला काय वाटतं यावर कोणी फार विसंबू नये.

"मनोरा?" बोधनकर म्हणाले. "अगं, पायऱ्या किती आहेत! तुझे गुडघे..."

"माझे गुडघे मी बघीन. पंचवीस वर्षं ऐकतेय. पश्चिमेच्या खिडकीत तुम्ही उभे होता, खाली तळं लाल झालं होतं, बगळे परतत होते. आल्यागेल्या प्रत्येकाला सांगता. मग मी नको का बघायला?"

"सकाळी कुठला सूर्यास्त?"

"सूर्यास्त नसू दे. तळं तर असेल ना जागेवर?"

बोधनकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी श्रीखंडाच्या भांड्याकडे पाहिलं.

माझा प्रबंध त्या मनोऱ्यावरच होता. आमच्या संस्थानच्या राजेसाहेबांनी तो कॉलेजसाठी बांधला. पुढं कॉलेजचं विद्यापीठ झालं आणि मनोरा विद्यापीठाच्या शिक्क्यावर आला. प्रबंधाचं पाचवं प्रकरण होतं 'मनोऱ्यावरून दिसणारा परिसर'. एकूण चौतीस पानं, त्यांतली अकरा एकट्या पश्चिमेची. उतरता माळ, तळं, तळ्यापलीकडचं चिंचेचं बन, आणि सूर्यास्त. मी ते एका जुन्या दिवाणांच्या वृत्तांतावरून, दोन अभिनंदनग्रंथांवरून आणि मुख्यतः डॉ. बोधनकरांच्याच ग्रंथावरून लिहिलं होतं. तळटीप क्रमांक एक्केचाळीस पूर्ण त्यांची होती.

मी स्वतः मनोऱ्यावर कधी गेलो नव्हतो. माझी खोली तिथून दोनशे पावलांवर होती. पण वर जायला कुलसचिवांची परवानगी लागे, परवानगीसाठी त्यांच्यासमोर उभं राहावं लागे, आणि ते मान वर करून "काय?" म्हणाले की मला माझंच नाव आठवत नसे. शिवाय ग्रंथालयात सगळं होतं. तिथं कोणी "काय?" म्हणत नसे.

"परवानगी लागते हो तिथं," बोधनकर घाईनं म्हणाले. "ती काय एका दिवसात मिळते?"

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

"परवानगी मी आणतो!" सबनीस सर उठलेच. सबनीस सर माझे मार्गदर्शक. परीक्षकांना काही हवं आहे एवढंच त्यांच्या कानावर पडलं होतं. "वहिनींनी एवढं म्हटल्यावर? अरे उपळेकर, नुसता उभा काय राहिलास? तातोबाला बोलाव. किल्ली त्याच्याकडे असते."

सबनीस सरांनी माझं पाचवं प्रकरण वाचलं होतं हे मला नक्की माहीत होतं, कारण ते एका संशोधनपत्रिकेत त्यांच्या नावानं छापून आलं होतं. तळटीपेत माझे आभार मानले होते. त्या लेखावर ते प्राध्यापक झाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही; वाटायला हवं होतं का, हेही मी बराच काळ ठरवू शकलो नाही. मी स्वतः सहा वर्षं तात्पुरता अधिव्याख्याता होतो. मार्चअखेर डॉक्टरेट झाली नाही तर तुमची जागा भरण्यात येईल, असं पत्र मला आलं होतं. तो दिवस होता अकरा मार्च. आणि मला दुसरं काहीच येत नव्हतं.

तातोबा लोहार मनोऱ्याच्या दाराशीच भेटले. साठीला आलेले, बारीक अंगाचे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मनोऱ्याच्या घड्याळाला आठवड्यातून दोनदा चावी द्यायचं काम त्यांचं. त्यांच्या आधी ते त्यांच्या वडिलांचं होतं. त्यांनी सबनीस सरांच्या हातातली परवानगीची चिठ्ठी उलटीसुलटी पाहिली, टोपीत ठेवली आणि कुलूप काढलं.

"बाईसाहेब, भिंतीच्या अंगानं या. आतल्या अंगाला पायरी निमुळती हाय."

जिना गोल होता. सगळ्यांत पुढं तातोबा, मागं प्रमिलाबाई, मग बोधनकर, सबनीस सर, आणि शेवटी मी. कोणी घसरलं तर माझ्यावर यावं, अशी ती रचना होती.

तिसऱ्या वळणावर बोधनकर थांबले. "उपळेकर, एकूण पायऱ्या किती?"

"एकशे बावन्न, सर. पृष्ठ एकोणतीस."

"एकशे एकसष्ट," वरून तातोबांचा आवाज आला.

"तातोबा," सबनीस सर म्हणाले, "प्रबंधात एकशे बावन्न आहेत."

"असतील की साहेब. चढायला एकशे एकसष्ट पडत्यात."

प्रमिलाबाई खळखळून हसल्या. बोधनकर हसले नाहीत. अर्ध्या वाटेवर ते पुन्हा थांबले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "प्रमिला, इथूनही छान वारा लागतो."

"वारा मला घरीही लागतो. चला."

मी मनात म्हणत होतो, तळं तिथं असेल. दिवाणांनी लिहिलंय, बोधनकरांनी लिहिलंय, अभिनंदनग्रंथ काय खोटं लिहितील? तीन माणसं वेगवेगळ्या काळी तेच लिहितात, म्हणजे ते असतंच. पद्धतिशास्त्राच्या तासाला मी हेच शिकवत असे.

वर चौकोनी दालन होतं. आम्ही पूर्वेच्या खिडकीशी गेलो. खाली रेल्वेचे रूळ, सरकीच्या गिरणीचं धुरांडं, आणि पलीकडे कुणीतरी पिवळं कापड पसरावं तसं करडईचं शेत. दक्षिणेला नदी होती, माझ्या प्रबंधात होती त्यापेक्षा बरीच डावीकडे. उत्तरेला गाव. मला माझ्या खोलीचं छप्पर दिसलं, त्यावर वाळत घातलेलं माझंच धोतर दिसलं. वरून ते इतकं लहान आणि पांढरं दिसत होतं की मला एकदम भरून आलं. नऊ वर्षं ज्यावर लिहिलं ते मी पहिल्यांदा पाहत होतो. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे सगळं थोडं चुकलेलं आहे. प्रबंधाशी जुळत नाही.

"सुरेख!" प्रमिलाबाई म्हणाल्या. "आणि आता पश्चिम."

आम्ही चौघंही वळलो. पश्चिमेला भिंत होती.

साधी, दगडी, चुन्यानं सांधलेली भिंत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तिच्यात खिडकी नव्हती, झरोका नव्हता, साधं भोकसुद्धा नव्हतं. एका खुंटीला तातोबांची तेलाची बाटली टांगलेली होती.

शेवटी प्रमिलाबाईच म्हणाल्या, "अहो, कुठं उभे होता तुम्ही?"

"खालून तर खिडकी दिसते," सबनीस सर पुटपुटले. "चारी बाजूंना. मी रोज पाहतो."

"ती नुसती चुन्यात काढलेली हाय, साहेब," तातोबा म्हणाले. "तीन बाजूला खिडक्या आन् चवथी बोडकी, ते बरं दिसंना, म्हणून. वरनं रंग दिला. आत भिंत पोकळ हाय. घड्याळाची वजनं हितनंच वरखाली जात्यात आन् लंबकबी हितंच."

"बुजवली कधी?" बोधनकरांनी विचारलं. आवाज परीक्षकाचा होता.

"बुजवली न्हाई. नव्हतीच कधी."

"तुम्ही इथं किती वर्षं आहात?"

"छत्तीस. माझ्या आधी बाप."

"बांधकामाच्या वेळी वडील होते?"

"न्हाई. घड्याळ बसल्यावर आले."

"म्हणजे बांधकाम ना तुम्ही पाहिलं, ना वडिलांनी," बोधनकर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. "ऐकीव माहिती. मौखिक परंपरा. सबनीस, या मौखिक परंपरेत हाच धोका असतो."

"मोठाच धोका," सबनीस सर म्हणाले.

तातोबा गोंधळले. "साहेब, भिंत तर समोर हाय."

"भिंत आहे याबद्दल वाद नाही. ती केव्हापासून आहे, हा प्रश्न आहे."

"म्हणजे तुम्ही आला होता तेव्हा ही नव्हती?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"अर्थातच नव्हती."

"तुम्ही एकोणीसशे अडतीस साली आला होता. आणि हे छत्तीस वर्षं इथंच आहेत, म्हणजे एकोणतीसपासून." बाई घरी मुलांचं गणित घेत असाव्यात.

खाली कुठंतरी सायकलची घंटा वाजली. बोधनकरांनी रुमालानं मान पुसली आणि माझ्याकडे वळले.

"असं करू," ते म्हणाले. "या विषयाचे अधिकारी अभ्यासक इथं उपस्थित आहेत. नऊ वर्षं त्यांनी याच गोष्टीला वाहिली. मौखिकी घ्यायचीच आहे, ती इथंच घेऊ. सबनीस, तुमची हरकत?"

"मुळीच नाही. उलट प्रत्यक्ष स्थळी मौखिकी, हा पायंडाच पडेल."

"तर उमेदवारांनी सांगावं. आपल्या संशोधनानुसार पश्चिमेची खिडकी मुळात होती की नव्हती?"

मी भिंतीजवळ गेलो. विचार करायला वेळ मिळावा म्हणून गेलो, पण लोकांना वाटलं असावं की पाहणी करतोय. मी तळहात दगडावर टेकवला. आत लंबक हलत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे, सावकाश. त्याचा ठोका हाताला स्पष्ट लागत होता. बुजवलेल्या खिडकीत लंबक नसतो, एवढं समजायला डॉक्टरेट लागत नाही.

मी मागं वळून पाहिलं. बोधनकर माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत चक्क विनवणी होती. सबनीस सर डोळे मोठे करून मान हलवत होते. प्रमिलाबाई उत्सुक होत्या. तातोबा मात्र निवांत होते. हा शिकलेला माणूस भिंतीला हात लावून आलाय, आता हा सांगेलच, अशा खात्रीनं ते उभे होते. माझ्यावर इतका विश्वास त्याआधी कोणी टाकला नव्हता, आणि पुढंही कोणी टाकला नाही.

'नव्हती' हे उत्तर एकाक्षरी नसलं तरी फार मोठं नव्हतं. मी तोंड उघडलं.

"सर," मी म्हणालो, "या बाबतीत अधिक संशोधनाला वाव आहे."

"उत्तम!" बोधनकर जवळजवळ ओरडलेच. "सबनीस, हा खरा संशोधक! निष्कर्षाची घाई नाही. अभिनंदन, डॉक्टर उपळेकर!"

सबनीस सरांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. तातोबांनी खुंटीवरची बाटली काढली, फडक्यानं पुसली आणि पुन्हा होती तिथंच टांगली.

उतरताना प्रमिलाबाई माझ्या पुढं होत्या. एका वळणावर त्या थांबल्या, मागं न पाहता म्हणाल्या, "तुम्ही फार पुढं जाल हो," आणि उतरू लागल्या. नंतर जेवताना त्यांनी वाढलेल्या बासुंदीला हात लावला नाही. मी गाडीवर पोचवायला गेलो, तेव्हा खिडकीजवळच्या जागेवर डॉ. बोधनकरच बसले.

गोष्ट इथं संपली असती तरी चाललं असतं. मला डॉक्टरेट मिळाली, जागा टिकली, आणि एका भिंतीचं कोणाला काय पडलं होतं? पण माझ्या वाक्यात 'वाव' होता, आणि सबनीस सर वाव वाया घालवणाऱ्यांतले नव्हते. चार महिन्यांत त्यांचा लेख आला: 'बुजवलेली पश्चिम खिडकी'. त्यात तीन उपपत्ती होत्या. एक, प्लेगच्या साली पश्चिमेचा वारा दूषित मानून खिडकी बुजवली. दोन, महायुद्धात विमानांच्या भीतीनं बुजवली. तीन, राजवाड्यातल्या बायकांचं अंगण दिसतं म्हणून राणीसाहेबांनी बुजवायला लावली. तिसरी सर्वांना आवडली. लेखाच्या शेवटी आधार म्हणून माझा प्रबंध होता, आणि मौखिकीच्या अहवालातलं बोधनकरांचं वाक्य: 'उमेदवाराने प्रत्यक्ष स्थळी भिंतीचे परीक्षण केले आहे.'

विद्यापीठाच्या सभेनं ठराव केला की ही ऐतिहासिक खिडकी पूर्ववत खुली करण्यात यावी. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. मी बोलायचं ठरवून गेलो होतो. खिशात कागदावर चार वाक्यं लिहूनही नेली होती. कुलसचिवांनी मान वर करून "काय?" म्हटलं आणि मी "ठीक आहे" म्हणालो.

गवंड्यांना आठ दिवस लागले. भिंत दोन हात जाडीची निघाली, मधल्या पोकळीसकट मूळ बांधकामातली, कुठंही नंतरचा सांधा नसलेली. हे गवंड्यांनी येऊन सांगितलं, पण तीही ऐकीव माहिती ठरली. लंबक काढून तळघरात ठेवला. घड्याळ बंद पडलं. चावी द्यायचं काम उरलं नाही, तेव्हा तातोबांची बदली परीक्षा विभागात झाली.

खिडकीचं उद्घाटन कुलगुरूंनी केलं. फीत कापली, कवाडं उघडली, आणि सगळे जण बाहेर पाहायला पुढं झाले. समोर परीक्षा विभागाच्या नव्या इमारतीची मागची बाजू होती. मनोऱ्याइतकीच उंच सिमेंटची भिंत आणि तिच्यावरून उतरणारे सांडपाण्याचे नळ. तळं, माळ, चिंचेचं बन, जे काही असेल नसेल ते तिच्यामागं.

"आता डॉ. उपळेकर आपल्याला या दृश्याचा परिचय करून देतील," सबनीस सर म्हणाले.

मी वीस मिनिटं बोललो. प्रकरण पाचवं, पृष्ठ एकशे बारा ते एकशे बावीस. बगळे परततात तिथं मान्यवरांनी टाळ्या वाजवल्या. एक जण तर नळांकडे बघत "वा!" म्हणाला.

पदवीचं प्रमाणपत्र घ्यायला मी त्यानंतरच्या महिन्यात परीक्षा विभागात गेलो. पैसे भरायचे, वहीत सही करायची आणि प्रमाणपत्र घ्यायचं. खिडकीशी गर्दी नव्हती. वहीमागं तातोबा बसले होते. समोर शिक्का, शाईची गादी, लाखेची कांडी. अंगात विद्यापीठाचा खाकी कोट होता. तो त्यांना खांद्यांत मोठा होत होता.

"या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता.

त्यांनी गठ्ठ्यातून माझं प्रमाणपत्र काढलं, नाव बोटानं ओळखलं, बाजूला ठेवलं. मग वही उघडताना सहज विचारावं तसं म्हणाले, "वरनं काय दिसतं आता? मी काय गेलो न्हाई परत."

खोलीत तिसरं कोणी नव्हतं. म्हणून मी खरं सांगितलं.

"भिंत दिसते, तातोबा."

"भिंत? कसली?"

"या इमारतीची. मागची."

तातोबांनी मान वळवून आपल्या पाठीमागच्या भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा वहीकडे वळले.

"ते त्या दिवशी बोलला असता तर..." ते म्हणाले, आणि वाक्य पुरं न करता टाक माझ्यापुढं केला. "हितं सही करा. नाव पुरतं लिवा."

मी नाव लिहिलं.

त्यांनी वही आपल्याकडे फिरवून पाहिली आणि परत माझ्याकडे फिरवली.

"आधी डॉक्टर लावा की साहेब. राहिलं ते."

नावाआधी जागा फार थोडी होती. मी बारीक अक्षरात लावलं.